टेबलाखालची सून

आमची सून जेवणाच्या टेबलाखाली बसते. रोज नाही, पण आठवड्यातून एखाद्या वेळी बसतेच. कधी मटार सोलायला घेऊन, कधी नुसतीच. गुडघे पोटाशी, मान तिरकी, नजर वर. लग्न होऊन आली तेव्हा ही सवय नव्हती, असती तर मी तिच्या माहेरी रीतसर चौकशी केली असती. माझी नात रेवा रांगायला लागली आणि रांगत रांगत टेबलाखाली गेली, तिच्यामागोमाग तिची आईही गेली. नात यथावकाश बाहेर आली. सून अजून येऊन-जाऊन असते.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या राणेबाई हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. मी त्यांना बसवलं, पाणी आणायला वळले, तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "या काकू, बसा." राणेबाई बसलेल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. सूनबाई तिथूनच पुढे म्हणाली, "काकू, तुमच्या साडीवरचे मोर खालून बघितले की सगळे आडवे पडल्यासारखे दिसतात. छान दिसतंय." राणेबाईंनी निऱ्या मुठीत धरल्या आणि कुंकू लावून घ्यायचंही विसरून निघून गेल्या. त्यांच्या हळदीकुंकवाला मी एकटीच गेले. तिथे प्रत्येक बाई मला हळूच विचारत होती, सून बरी आहे ना.

मी पोस्टात काउंटरवर बसून जन्म काढलेली बाई. काचेपलीकडे माणूस आला की याला तिकिटं हवीत, रजिस्टर करायचंय की नुसतीच हुज्जत घालायची आहे, हे त्याने तोंड उघडायच्या आत मला कळायचं. रिटायर झाले, परळची खोली सोडली आणि मुलाबरोबर खाडीपलीकडच्या नायगावला टॉवरमध्ये राहायला आले. खिडकीतून खाडी दिसते म्हणून येणारे-जाणारे कौतुक करतात. मला विचाराल तर खाडीपेक्षा मच्छर जास्त दिसतात. माझा मुलगा निनाद सरळ आहे, बापासारखा, त्याला ओळखायला काही लागत नाही. पण ही हर्षला मात्र मला पहिली कित्येक वर्षं कळलीच नाही.

माहेर तिचं वटार गावचं. वाडीतलं घर, केळी, सुपारी, मोगरा, मागे विहीर. आईशी फोनवर बोलते ते त्यांच्या घरच्या बोलीत, त्यातलं मला निम्मंच समजतं, आणि तिने माझ्याबद्दल काही सांगितलं तर ते बहुतेक उरलेल्या निम्म्यात असावं. आमच्याशी बोलते ती शुद्ध शाळेतली मराठी. कमी बोलते. रागवत नाही. "तू टेबलाखाली काय करतेस?" असं मी त्या दिवशी कडक आवाजात विचारलं तेव्हा म्हणाली, "खालून बघतेय, आई."

"काय बघतेस?"

"मुलांची पुस्तकं लिहिणारे सगळे उभे राहून लिहितात. मुलं बिचारी खाली असतात. खालून बघायला हवं ना."

हे 'खालून बघायला हवं' तेव्हापासून आमच्या घरात ठाण मांडून बसलंय.

आता सांगूनच टाकते. माझ्या सुनेचं पुस्तक आलंय. लहान मुलांचं, रंगीत, जाड कागदाचं, वर ठळक अक्षरात तिचं नाव. मी बँकेत पासबुक भरायला जाते तेव्हासुद्धा ते माझ्या पिशवीत असतं. रांगेतल्या एका गृहस्थांना दाखवलं तर ते म्हणाले, "आजी, तुम्ही लिहिलंत?" म्हटलं, "सहाव्या पानावरचं एक वाक्य माझं आहे, बाकी सगळं सुनेचं." त्या वाक्याची हकिकत पुढे येईल. रिक्षावाल्याला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांना तर तिथल्या तिथे विकत घ्यायला लावलं. लोक म्हणतात, सासू असून किती कौतुक. सासू असून म्हणजे काय? सासूने करायचं नाही तर कौतुक काय राणेबाईंनी करायचं?

पण हे पुस्तक सुखासुखी आलेलं नाही. 'खालून बघण्या'पायी आम्ही काय काय भोगलंय ते माझं मला ठाऊक.

बिल्डिंगच्या लिफ्टचंच घ्या. लहान मुलाला लिफ्टमध्ये काय दिसतं ते बघायला ही एका दुपारी लिफ्टमध्ये खाली बसली. खाली-वर खाली-वर चाललंय. वॉचमनने कॅमेऱ्यात बघितलं, एक बाई कोपऱ्यात मुटकुळं करून पडलीय. त्याने सेक्रेटरींना फोन केला. लिफ्ट तळमजल्यावर उघडली तेव्हा समोर अर्धी सोसायटी. कोणी म्हणतंय कांदा हुंगवा, कोणी म्हणतंय चप्पल हुंगवा, सेक्रेटरी पाणी शिंपडायच्या तयारीत. ही शांतपणे वर बघून म्हणाली, "सातव्या मजल्याचं बटण मुलांच्या हाताला येत नाही. खाली लावायला हवं." लोकांना वाटलं, वात झाला. मी तिला हात धरून वर आणलं. पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी तो बटणाचा विषय खरंच घेतला, हे मान्य करावं लागेल. बटण काही खाली आलं नाही.

मासळीबाजारात तिने पाटीसमोर बसकण मारली तेव्हा कोळीण म्हणाली, "बाय, बसायचं तर आपली पाटी घेऊन बस, माझं गिऱ्हाईक अडवू नको." लग्नाच्या हॉलमध्ये ती जेवणाच्या पंगतीमागे खाली बसली, तर नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्याने तिला चपला सांभाळणारी समजून आपल्या चपला दाखवून ठेवल्या. तिने त्या सांभाळल्यासुद्धा. घरी येताना म्हणाली, "आई, खालून लग्नात नुसते गुडघे आणि चपला दिसतात. मुलं लग्नात रडतात ती उगाच नाही." मला हसू आवरेना, पण मी खिडकीकडे बघत राहिले, उगाच डोक्यावर बसायची.

आणि हे सगळं घर सांभाळून. यात मी तिला पैकीच्या पैकी देते. सकाळी निनादचा डबा, रेवाचा डबा, माझं पथ्याचं. दुपारी शिकवणीची चार पोरं. संध्याकाळी रेवाचा अभ्यास, क्लास, रविवारी वटारला आईकडे एक फेरी. लिहायला बसणं असं तिच्या आयुष्यात नाहीच. ती लिहिते उभ्याने. पोळी तव्यावर टाकली की एक ओळ, उलटली की दुसरी. फुगेपर्यंत सुचलं नाही तर पोळी करपते.

त्यावरून आमच्या घरात एक हिशेब बसलाय. भाजी लागली की समजायचं, गोष्ट धावतेय. आमटीत मीठ दोनदा पडलं तर फारच चांगली बातमी. उलट सगळं चवदार, गरम, वेळेवर पानात आलं की आम्ही काळजीत पडतो. एकदा सलग काही दिवस उत्तम स्वयंपाक झाला. निनाद जेवताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, आज बिरड्याची उसळ फार सुंदर झालीय गं." चेहरा इतका पडलेला की मलाही घास जाईना. पुढे आठवड्याने वांगी जळली तेव्हा आम्ही दोघांनी मागून मागून खाल्ली.

आता त्या माझ्या वाक्याबद्दल. कणकेचे हात मोबाइलला लावायचे नाहीत म्हणून निनादने तिला बोलून लिहायची सोय करून दिली. फोन डब्याला टेकवून ठेवायचा, आपण बोलत जायचं, तो लिहीत जातो. झालं. ही कणीक मळत गोष्ट सांगतेय, खारीचं पिल्लू बगळीकडे जातं आणि प्रश्न विचारतं. इतक्यात रेवा खेळून आली, चिखलाचे पाय तसेच. मी तिच्यावर ओरडले, "आधी पाय पूस, मग आत ये, मग काय ते विचार." फोनने इमानेइतबारे तेही लिहिलं. हिने घाईघाईत सगळं तसंच प्रकाशकांना पाठवून दिलं, कारण कुकरची शिट्टी झाली होती. चार दिवसांनी प्रकाशकांचा फोन. म्हणाले, "मॅडम, बाकीचं बघू, पण ही बगळी फार जिवंत उतरलीय. ही कुठे भेटली तुम्हाला?" हर्षलाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घरातच." असं ते सहाव्या पानावर छापून आलंय. बगळीच्या चित्रात तिच्या गळ्यात चष्म्याची साखळीसुद्धा आहे. ती कोणी सुचवली हे मी विचारलेलं नाही.

गोष्ट कशावरून सुरू झाली तेही सांगायला हवं. रेवा तीन वर्षांची असेल. वटारला वाडीत केळीखाली उभी राहून वर बघत होती. केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, लटकतो खाली, पण त्यातली केळी टोकं वर करून असतात. पोरीने विचारलं, "आई, केळी वर का बघतात?" मी म्हटलं, बघतात तर बघतात, डास चावतील, आत चल. माझ्या विहीणबाईंनी सांगितलं, देवाने केली तशी. निनादने मोबाइलमध्ये शोधून काहीतरी सूर्यप्रकाशाचं वाचून दाखवलं, ते रेवाने अर्ध्यावर सोडलं. हर्षला मात्र तिच्याशेजारी मातीत बसली, वर बघितलं आणि म्हणाली, "थांब हं. मी नीट विचार करून सांगते."

त्या दिवसापासून तिने सांगायला सुरुवात केली. खारीचं पिल्लू हाच प्रश्न घेऊन वाडीभर फिरतं, कावळ्याला विचारतं, गोगलगायीला विचारतं, बगळीला विचारतं. रोज थोडं थोडं, रेवाला कुशीत घेऊन, डावा हात तिच्या मानेखाली. पोरगी श्वास रोखून ऐकायची. मग हर्षलाच्या मनाने घेतलं, याचं पुस्तक करायचं. खरं, छापलेलं, आणि पहिलं रेवाच्या हातात द्यायचं. तिच्याच प्रश्नाचं उत्तर. मला म्हणायची, "रेवा मोठी व्हायच्या आत व्हायला हवं, आई. मोठी झाली की हा प्रश्न तिचा राहणार नाही."

पोरं मोठी व्हायला वेळ लावत नाहीत, पुस्तकं लावतात. आधी रेवाला कांजिण्या. मग निनादची कंपनी इथलं ऑफिस बंद करून गेली, त्याला दुसरं मिळेपर्यंत हिने शिकवणीची पोरं वाढवली. मग मी बाथरूममध्ये घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. प्लॅस्टर निघेपर्यंत माझी वेणी घालणं, भात कालवून देणं, सगळं हिच्याकडे. दर वेळी गोष्ट बाजूला पडायची. तिने कधी कपाळाला आठी घातली नाही. मी म्हटलं, "अगं, एकदा तरी आदळआपट कर, मला बरं वाटेल." तर म्हणाली, "भांडी फुटतील."

मधल्या काळात रेवा वाढत होती. सातव्या वर्षी ती गोष्ट ऐकता ऐकता चित्रं रंगवायला लागली. नवव्या वर्षी म्हणाली, "आई, ती खारीची गोष्ट अजून संपली नाही?" दहाव्या वर्षी मैत्रिणींसमोर म्हणाली, "ते बाळांचं आहे." हर्षला हसली. "हो गं, बाळांचंच आहे," म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. एकच फ्रॉक तिने घडी करून उलगडला आणि परत त्याची घडी घातली. तो फ्रॉक रेवाला लहान झाला होता, द्यायच्या कपड्यांत होता. तो शेवटी दिला गेला नाही.

आणि मग एकदाची चित्रं तयार झाली. प्रकाशकांनी पाठवली, निनादने ऑफिसात रंगीत छापून आणली. आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो, या खेपेस वरच्या बाजूला. काय सांगू, डोळे निवले. खारीचं पिल्लू असं गोजिरवाणं की उचलून घ्यावं. मी माझी बगळी बघून घेतली. रेवासुद्धा म्हणाली, "कसलं भारी." हर्षला मात्र शेवटच्या चित्रावर थांबली ती थांबलीच.

"केळी खाली बघतायत," म्हणाली.

खरंच होतं. चित्रवाल्या मुलीने लोंगर काढला होता तो फळवाला दुकानात फण्या टांगतो तसा, सगळी टोकं जमिनीकडे. गोष्टीचं नावच मुळी केळी वर का बघतात, आणि चित्रात केळी खाली. तरी मी म्हटलं, चित्र गोड आहे, कोण बघतंय.

हर्षलाने प्रकाशकांना फोन लावला. भला माणूस, पुण्याचा, शांत बोलणारा. म्हणाला, "मॅडम, चित्रकार मुलीच्या हातात आता दुसरं काम आहे. आज तुम्ही होकार दिलात तर मेच्या सुट्टीत पुस्तक हातात. नाहीतर दिवाळीनंतर ती हे पुन्हा घेईल, मग पुढचं वर्षच धरा. आणि मला सांगा, मुलांना काय कळतंय?"

हे शेवटचं तो बोलायला नको होता. हर्षला म्हणाली, "मुलांनाच कळतं," आणि उद्या सांगते म्हणून फोन ठेवला.

मग माझा पट्टा सुरू झाला. म्हटलं, "शहाणी असशील तर हो म्हण. पोरगी आत्ताच बाळांचं म्हणायला लागलीय, पुढच्या वर्षी तिला मिशा फुटायच्या बाकी राहतील. इतकी वर्षं ऊर फुटेस्तोवर धावलीस ती कोणासाठी? केळ्यांपायी सगळं घालवतेस?" निनादही म्हणाला, आईचं बरोबर आहे. त्या दिवशी आमच्या घरी अप्रतिम स्वयंपाक झाला.

दुसऱ्या दिवशी तिने चित्रं परत पाठवली. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी ती माझ्या गुडघ्याला तेल लावायला बसली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "आई, रेवाने त्या दिवशी जे बघितलं ते खरं होतं. पुस्तकात वेगळं निघालं तर तिला वाटेल, आपणच चुकीचं बघितलं. मुलांना असंच वाटतं. मोठी झाली तरी चालेल, पण असं नको वाटायला." मी म्हटलं, "डावा गुडघाही दुखतोय." तिने त्यालाही तेल लावलं.

ती चित्रकार मुलगी, गार्गी तिचं नाव, दिवाळीनंतर स्वतःहून आली. म्हणाली, मला दाखवा तरी काय चुकलं. आम्ही सगळे तिला घेऊन वटारला गेलो. विहीणबाईंनी आधी तिला जेवू घातलं, मग तिच्या तोंडाकडे बघून मला म्हणाल्या, "विहीनबाई, पोर गुनाची हाय, पन हिने केळी झाडाला लागलेली कधी बगितलीच नाय वाटतं." गार्गी प्रामाणिक. म्हणाली, "आजी, आमच्याकडे केळी कागदात गुंडाळून येतात."

हर्षलाने केळीखाली चटई अंथरली आणि तिला उताणी झोपवली. स्वतः शेजारी झोपली. एक पुण्याची चित्रकार आणि एक नायगावची लेखिका, दोघी आकाशाकडे तोंड करून, आणि आम्ही सगळे भोवती उभे. हर्षला विचारतेय, "आधी काय दिसतं?"

"केळफूल."

"बरोबर. लहान मुलाला पहिलं तेच दिसतं. मग?"

गार्गीने डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. मग म्हणाली, "अय्या, खरंच वर बघतायत." तेवढ्यात तिला मुंग्या चावल्या, ती उठायला गेली ती केळीच्या तुटक्या पानावर हात टेकून, आणि पांढऱ्या कुर्त्याला चीक लागला. विहीणबाईंनी सांगितलं, "आता हा डाग जन्मात निघनार नाय." गार्गी म्हणाली, राहू दे, आठवण. मला ती मुलगी तिथेच आवडली.

त्या गडबडीत मी एक बघितलं. गार्गी उठल्यावर चटईवर जागा झाली होती. हर्षलाने मान वळवून रेवाकडे बघितलं आणि हाताने ती जागा थोपटली. रेवा विहिरीच्या कठड्याजवळ कानात गाणी घालून उभी होती. म्हणाली, "आई, मुंग्या आहेत तिकडे." हर्षला म्हणाली, "हो, आहेत खऱ्या," आणि उठून चटई झटकायला लागली.

पुस्तक आलं होळीनंतर. दुपारी कुरिअरवाला आला, मी सही केली. मी पार्सल हातात घेऊन वजन सांगू शकते, पण त्या दिवशी मला सांगता आलं नसतं. हर्षला पीठ मळत होती. मीच दोरी कापली. तिने हात धुतले, पुसले, परत धुतले. मग एक प्रत घेऊन डोक्याच्या वर धरली आणि खालून बघितली. केळी वर बघत होती. मला रडू आलं, स्पष्ट सांगते, आणि ते मी लपवलंही नाही. ती मात्र रडली नाही, नुसतं पुस्तक उघडमीट करत बसली. मी एक प्रत उचलली आणि तडक राणेबाईंकडे गेले. तिथून तिसरा मजला, चौथा मजला, सेक्रेटरी, वॉचमन. सेक्रेटरी म्हणाले, आपल्या बिल्डिंगचं नाव काढलं. म्हटलं, बटणाचं बघा आता.

रेवा क्लासवरून संध्याकाळी आली. आता ती अकरा वर्षांची, माझ्या खांद्याला लागते. हर्षला दारातच उभी होती, दोन्ही हातांत पुस्तक. रेवा खूश झाली, खोटं का बोलू. "वॉव आई, कव्हर कसलं भारी आहे." आईच्या गळ्यात हात टाकून तिने फोटो काढला, लगेच स्टेटसला लावला, मैत्रिणींचे बदाम आले ते आईला मोजून दाखवले. मग पुस्तक टेबलावर ठेवलं. "नंतर वाचते हं, प्रोजेक्ट आहे उद्या." आणि खोलीत गेली.

"हो, हो. नंतर," हर्षला म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली आणि मला चहा करून आणला. आलं नेमकं, साखर नेमकी, दूध नेमकं. असला चहा तिने वर्षभरात केला नव्हता. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हर्षला, इकडे बस. मला वाचून दाखव."

"तुम्ही वाचा ना, आई."

"माझा चष्मा कुठे गेलाय कोण जाणे."

चष्मा माझ्या गळ्यात साखळीला लोंबत होता. तिने तो बघितला. सोफ्यावर बसली, पाय वर घेतले आणि वाचायला लागली.

मी तिला शिकवताना ऐकलंय, फोनवर ऐकलंय, स्वतःशी बोलताना ऐकलंय. हा आवाज तो नव्हता. हळू, गोल, शब्दाशब्दाला थांबणारा. खारीचं पिल्लू कावळ्याकडे गेलं, गोगलगायीकडे गेलं. बगळी आली तेव्हा मी सावरून बसले. आणि मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. पुस्तक तिने उजव्या हाताने मांडीवर धरलं होतं. डावा हात कोपरात वाकवून बाजूला, पंजा अलगद वर उचललेला, एखाद्या लहान मुलाचं डोकं त्यावर असावं तसा. पान उलटताना ती उजव्या हाताचीच कसरत करत होती, डावा हलवत नव्हती. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती गोष्ट ज्या हाताने सांगितली त्याच हाताने वाचत होती, आणि त्या हाताशी कोणी नव्हतं. मी चहाच्या कपाकडे बघत राहिले.

खोलीचं दार वाजलं. रेवा पाण्याची रिकामी बाटली घेऊन बाहेर आली. स्वयंपाकघराकडे चालली होती, मध्येच थांबली. आईचा आवाज ऐकून थांबली की तो हात बघून, ते तिचं तिला ठाऊक. हर्षलाला ती दिसली नाही, ती वाचत होती. पोरगी जरा वेळ तशीच उभी राहिली. मग बाटली टेबलावर ठेवली आणि सोफ्याकडे आली.

"आई, सरक."

हर्षला सरकली. एवढी उंच मुलगी, त्या जागेत मावेना. डोकं आईच्या हातावर ठेवलं तर पाय सोफ्याच्या दांडीवरून बाहेर. तिने मान इकडून तिकडे केली, कोपर आईच्या पोटात खुपसलं, शेवटी एकदाची बसली. हर्षलाने श्वाससुद्धा जपून घेतला. मग घसा खाकरून जिथे थांबली होती तिथून पुढचं वाक्य सुरू केलं.

"असं नाही," रेवा म्हणाली, डोळे मिटलेले. "पहिल्यापासून."

हर्षलाने पानं मागे उलटली आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. मग मलाही पहिल्यापासून ऐकावं लागलं. ऐकलं मी.